बाजार एक, पेन्शन अनेक

व्हिएन्नात आम्ही ज्या इमारतीत राहायचो, तिथे खालच्या मजल्यावर नव्वदीला टेकलेल्या एक आजी एकट्या राहत. त्यांचं सगळं करायला दोन स्लोव्हाक बायका पाळीपाळीनं येत. दोन आठवडे एक, पुढचे दोन आठवडे दुसरी. पाळी बदलायच्या दिवशी सकाळी जिन्यात चाकांच्या बॅगांचा खडखडाट व्हायचा. एक चढत असायची, दुसरी उतरत असायची, आणि मधल्या वळणावर उभ्या उभ्याच आजींच्या गोळ्या, झोप, पोट यांचा सगळा निरोप एकीकडून दुसरीकडे जायचा. ऑस्ट्रियात म्हाताऱ्यांच्या घरी राहून चोवीस तास त्यांची काळजी घेणाऱ्या बायका बहुतेक अशाच स्लोव्हाकिया आणि रुमानियातून येतात. त्या आल्या नसत्या तर तिथली हजारो घरं चालली नसती.

दोघींपैकी थोरली पूर्व स्लोव्हाकियातल्या एका खेड्यातली. तिची दोन मुलं गावी आजीकडे वाढत होती. काम ती ऑस्ट्रियात करायची, सामाजिक विम्याची वर्गणी ऑस्ट्रियात भरायची, म्हणून मुलांचा भत्ताही तिला ऑस्ट्रियाकडून मिळायचा. १ जानेवारी २०१९ पासून ऑस्ट्रियानं नियम बदलला. मूल ज्या देशात राहतं, तिथल्या महागाईच्या मानानं भत्ता द्यायचा. स्लोव्हाकियात स्वस्ताई, म्हणून तिचा भत्ता कमी झाला. वर्गणी मात्र होती तेवढीच राहिली. एका संध्याकाळी तिनं ते पत्र मला जिन्यात दाखवलं. त्यात समजावून सांगण्यासारखं काही नव्हतं, आकडा तिला कळला होता. तिला ते फक्त कुणाला तरी दाखवायचं होतं.

त्या पत्रामागे एक जुना सार्वजनिक प्रश्न उभा आहे. देश आर्थिकदृष्ट्या एकत्र आले, माल, पैसा आणि माणसं सीमा ओलांडून मोकळी फिरू लागली, की त्या देशांचा लोककल्याणावरचा खर्चही हळूहळू एकसारखा होतो का? युरोपात हा प्रयोग पासष्टहून अधिक वर्षं चालला आहे. सुरुवातीपासून त्याबद्दल दोन भाकितं होती. एक भीतीचं: स्वस्त देश महाग देशांना खाली ओढतील, उद्योग टिकवण्यासाठी सगळेच पेन्शन आणि भत्ते कापत सुटतील. दुसरं आशेचं: गरीब देश श्रीमंत होतील, आणि श्रीमंत झाले की आपोआप श्रीमंतांसारखा खर्च करतील. माझं म्हणणं असं की दोन्ही भाकितं अपुरी ठरली, आणि दोन्हींत चूक एकच आहे. हे काम बाजार आपणहून करील असं दोघांनी धरलं. प्रत्यक्षात जिथे बंधनकारक कायदा झाला तिथे खरं साम्य आलं. बाकी ठिकाणी टक्केवारी जवळ आली आणि माणसांच्या वाट्याचं अंतर मोठंच राहिलं.

सुरुवात कशी झाली ते पाहण्यासारखं आहे. १९५६-५७ मध्ये युरोपचा सामाईक बाजार उभारणाऱ्या रोम कराराची बोलणी चालू होती तेव्हा फ्रान्सला धास्ती होती. फ्रान्समध्ये स्त्री-पुरुषांना समान वेतनाचं तत्त्व कायद्यात आलेलं होतं, पगारी रजा जास्त होत्या, मालकांवर सामाजिक वर्गणीचा बोजा मोठा होता. शेजारच्या बेल्जियममध्ये बायकांना कमी मजुरी देऊन कापड विणलं जायचं. सीमा उघडल्या तर आपल्या कापडधंद्याचं काय होणार, हा फ्रेंचांचा प्रश्न होता. त्यांचा आग्रह असा की आधी सामाजिक खर्च सारखे करा, मग बाजार उघडा. पश्चिम जर्मनीला हे मुळीच नको होतं.

याच सुमारास आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल आला. अध्यक्ष होते स्वीडिश अर्थतज्ज्ञ बर्टिल ओहलिन, ज्यांना पुढे १९७७ मध्ये नोबेल मिळालं. समितीनं म्हटलं, सामाजिक खर्च मुद्दाम सारखे करण्याची गरज नाही. मजुरी आणि वर्गणी यांतला एकूण फरक हा उत्पादकतेतल्या फरकाचंच प्रतिबिंब असतो, आणि त्यातूनही एखादा देश फार महाग झालाच तर चलनाचा दर बदलून तोल सांभाळता येतो. युक्तिवाद पक्का होता. पण तो चलनाच्या दरावर टेकलेला होता, हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे त्याची फार मोठी किंमत चुकवावी लागली.

शेवटी तडजोड झाली. कराराच्या ११७ व्या कलमात राहणीमान सुधारत सुधारत सारखं व्हावं अशी इच्छा लिहिली गेली, आणि ते मुख्यतः बाजाराच्या चालण्यातूनच होईल असा विश्वासही. पगारी रजांमधली समानता टिकवण्याचा प्रयत्न करावा असं १२० वं कलम आलं. आणि फ्रान्सच्या आग्रहाखातर ११९ वं कलम आलं: समान कामासाठी स्त्री-पुरुषांना समान वेतन. त्यामागे स्त्रियांचा कळवळा होता असं नाही. गिरण्यांची स्पर्धा होती. पण शब्द एकदा कायद्यात बसला की तो ज्यांच्यासाठी लिहिला नव्हता त्यांच्याही कामी येतो. इथेही तसंच झालं, फक्त त्याला जवळपास वीस वर्षं लागली.

गॅब्रिएल देफ्रेन बेल्जियमच्या साबेना विमान कंपनीत हवाईसुंदरी होत्या. त्यांच्या करारात अट होती की चाळीस वर्षं पूर्ण झाली की बाईची नोकरी संपली. त्याच विमानात त्यांच्या बरोबरीनं तेच काम करणाऱ्या पुरुषाला ही अट नव्हती. त्याला पगारही जास्त होता. फेब्रुवारी १९६८ मध्ये देफ्रेन यांची नोकरी संपली. विमान कर्मचाऱ्यांसाठी पेन्शनची जी खास चांगली योजना होती, तिच्यातूनही हवाईसुंदरींना वगळलेलं होतं. वकील एलियान व्होगेल-पोल्स्की ११९ व्या कलमाला जाग आणणारा एखादा खटला शोधतच होत्या. त्यांनी देफ्रेन यांची बाजू घेतली.

युरोपच्या न्यायालयाचे एकामागून एक तीन निकाल आले, आणि माझ्या मते युरोपच्या कल्याणव्यवस्थेची सगळी कहाणी या तीन निकालांत आहे. १९७१ मध्ये पेन्शनचा निकाल लागला. कायद्यानं चालवलेली पेन्शन हे वेतन नव्हे, म्हणून ११९ वं कलम तिथे लागत नाही. देफ्रेन हरल्या. १९७६ मध्ये पगाराचा निकाल लागला. ११९ व्या कलमाचा आधार घेऊन कुणीही बाई थेट आपल्या देशाच्या न्यायालयात दाद मागू शकते. देफ्रेन जिंकल्या. १९७८ मध्ये चाळिशीच्या अटीचा निकाल लागला. ती कामाची शर्त आहे, वेतन नव्हे. पुन्हा हरल्या. बाई तीच, कंपनी तीच, अन्यायही एकच. जेवढा भाग युरोपच्या कायद्यात होता तेवढ्यापुरता न्याय मिळाला, आणि पेन्शन देशाच्या कुंपणाच्या आत राहिली. ती आजही मुख्यतः तिथेच आहे.

आता आकड्यांकडे वळतो, कारण साम्य येतंय असं म्हणणाऱ्यांचा सगळा भर आकड्यांवर असतो. आणि वरवर पाहता ते बरोबर आहेत. १९८० मध्ये पोर्तुगाल आणि ग्रीस आपल्या जीडीपीच्या साधारण १० टक्के सामाजिक कामांवर खर्च करत होते, स्पेन १५ टक्क्यांच्या आसपास, फ्रान्स २० आणि स्वीडन २५. ग्रीस १९८१ मध्ये युरोपीय समुदायात आला, स्पेन आणि पोर्तुगाल १९८६ मध्ये. २०१९ पर्यंत हे तिघेही २२ ते २५ टक्क्यांच्या पट्ट्यात आले होते. स्वीडनचा खर्च मधल्या काळात, १९९० नंतरच्या बँकसंकटात, जीडीपीच्या एक तृतीयांशाच्या आसपास चढला आणि पुन्हा पंचविशीत उतरला. मागचे पुढे आले, सर्वांत पुढचा थांबला. शर्यत खाली गेली म्हणणाऱ्यांना हे आकडे नीट उत्तर देतात, यात शंका नाही.

पण टक्केवारी हा शेवटी एक भागाकार आहे, आणि भागाकारात छेदाकडेही पाहावं लागतं.

आयर्लंडचं घ्या. २०१५ मध्ये आयर्लंडचा जीडीपी एका वर्षात सुमारे २५ टक्क्यांनी वाढला. परदेशी कंपन्यांनी आपली पेटंटं आणि बौद्धिक मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवली, एवढंच त्यामागचं मुख्य कारण. डब्लिनमधल्या कुठल्याही म्हाताऱ्याचं पेन्शन एका युरोनंही घटलं नव्हतं, तरी सामाजिक खर्चाची टक्केवारी दाणकन खाली आली. त्या देशाच्या सांख्यिकी खात्याला आपली खरी अर्थव्यवस्था मोजायला वेगळं माप तयार करावं लागलं. नेदरलँड्समध्ये २००६ पासून आरोग्यविमा सक्तीचा पण खासगी कंपन्यांकडून घ्यायचा झाला. तो खर्च सरकारी धरायचा की खासगी, यावर त्या देशाचा आकडा एका मोजणीत १६-१७ टक्के येतो आणि दुसऱ्या मोजणीत २८ च्या पुढेमागे. देश तोच, दवाखाने तेच.

आणि ग्रीस. इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण टक्केवारीनं जेवढी फसवणूक इथे केली तेवढी कुठेच केली नाही. २००८ ते २०१३ या काळात ग्रीसचा जीडीपी जवळपास एक चतुर्थांशानं आकसला. सावरण्यासाठी घेतलेल्या कर्जाच्या अटींखाली पेन्शन एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा कापली गेली. २०१२ मध्ये किमान वेतन २२ टक्क्यांनी कमी केलं, पंचविशीच्या आतल्यांसाठी ३२ टक्क्यांनी. निवृत्तीचं वय ६७ वर गेलं. २०१६ च्या कायद्यानं वीस वर्षं वर्गणी भरलेल्यासाठी मूळ राष्ट्रीय पेन्शन ठरली महिना ३८४ युरो. नोकरी गेलेल्या मुलाचं घर आजोबांच्या पेन्शनवर चालायचं आणि तीच पेन्शन दर वर्षी बारीक होत जायची, असं हजारो घरांत झालं. आणि याच वर्षांत सामाजिक खर्चाच्या तक्त्यावर ग्रीस युरोपच्या सरासरीच्या जवळ सरकत होता! अंश कमी होत होता, पण छेद त्याहून वेगानं कोसळत होता, म्हणून भागाकार वाढत होता. हा तक्ता पाहून कुणी म्हणेल की ग्रीसमधलं कल्याण आता युरोपसारखं झालं. माणूस म्हणून मला हे वाक्य लिहवत नाही.

ओहलिन समितीच्या ज्या वाक्याबद्दल वर म्हटलं, ते इथे आठवावं. देश महाग पडला तर चलनाचा दर उतरवून सावरता येईल, असा तो भरवसा होता. १९९९ मध्ये युरो आला, २००१ मध्ये ग्रीस त्यात गेला, आणि चलनाचा दर नावाची ती झडपच काढून टाकली गेली. मग दाब जाणार कुठे? मजुरीवर आणि पेन्शनवर. बाजार जोडला, चलन जोडलं, तुटीला ३ टक्के आणि कर्जाला ६० टक्के अशी मर्यादा बांधली, आणि पडणाऱ्याला झेलणारी व्यवस्था मात्र ज्याची त्यानं बघायची असं ठरवलं. युरोपीय संघाचं स्वतःचं अंदाजपत्रक सभासदांच्या एकत्रित उत्पन्नाच्या एक टक्क्याच्या आसपास असतं. सभासद देश आपापल्या घरात सामाजिक संरक्षणावर सव्वीस-सत्तावीस टक्के खर्च करतात. या दोन आकड्यांतच सगळं आलं. संघाचं मुख्यालय असलेल्या ब्रुसेल्समधून कुणाच्याही आजीला पेन्शन जात नाही.

एकूण खर्च सारखा दिसला तरी तो पोचतो कुणापर्यंत, हा तर आणखी वेगळा विषय. इटली आणि डेन्मार्क दोघेही युरोपीय मोजणीत ३० टक्क्यांच्या जवळपास. इटलीत त्यातला निम्म्याहून जास्त पैसा पेन्शनवर जातो. डेन्मार्कमध्ये सहा महिन्यांच्या बाळाला पाळणाघरात जागा देणं नगरपालिकेवर बंधनकारक आहे. इटलीच्या दक्षिणेत बाळाची आई आपल्या आईवर किंवा सासूवर अवलंबून असते, आणि तीही नसेल तर नोकरी सोडते. बेकारी भत्त्याला बेल्जियममध्ये अगदी अलीकडेपर्यंत कालमर्यादाच नव्हती. हंगेरीत तो जास्तीत जास्त ९० दिवस मिळतो. एकाच बाजारातले हे दोन कामगार, एकाच मंदीत एकाच आठवड्यात कामावरून निघालेले. नव्वद दिवसांनंतर हंगेरीतला काय करील? तो बॅग भरेल.

बॅग भरणाऱ्यांची युरोपला भीती वाटली, आणि ती भीती राजकारणात फार महाग पडली. २००५ मध्ये फ्रान्समध्ये युरोपीय राज्यघटनेवर सार्वमत झालं तेव्हा 'पोलिश प्लंबर' हा शब्द घरोघरी पोचला होता: पोलंडहून येणारा स्वस्त नळजोडणीवाला इथली सगळी सामाजिक व्यवस्था मोडणार. २९ मे रोजी सुमारे ५५ टक्के मतदारांनी नकार दिला. तीन दिवसांनी नेदरलँड्सनंही दिला. स्वीडनमध्ये वॅक्सहोल्म इथे शाळेच्या बांधकामावर लाटव्हियाच्या लाव्हाल कंपनीचे मजूर होते, स्वीडिश कामगार संघटनेनं कामाची नाकेबंदी केली, आणि २००७ मध्ये युरोपच्या न्यायालयानं निकाल संघटनेविरुद्ध दिला. ही भीती निव्वळ कल्पनेतली होती असं मी म्हणणार नाही. ज्या बांधकामावर असं घडलं तिथल्या गवंड्याला ती खरीच होती. पण देशांच्या पातळीवर पाहिलं तर फ्रान्सचा सामाजिक खर्च २००५ नंतर घटला नाही, वाढला. पेन्शनला हात लावायचा म्हटलं की फ्रान्स रस्त्यावर येतो. निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करण्यासाठी २०२३ मध्ये सरकारला संसदेत अंतिम मतदान टाळून राज्यघटनेचं ४९.३ कलम वापरावं लागलं. सवयीच्या हक्काला बाजार सहज खाली ओढू शकत नाही, कारण मतदार मध्ये उभा असतो.

मतदारच वरही नेतो. पोलंडनं २०१६ मध्ये दुसऱ्या मुलापासून पुढे दर मुलामागे महिना ५०० झ्लॉटी द्यायला सुरुवात केली, २०१९ मध्ये पहिल्या मुलालाही दिले, २०२४ मध्ये रक्कम ८०० केली. हे ब्रुसेल्सनं सांगितलं म्हणून झालं नाही, निवडणुकीनं झालं. त्याच पोलंडनं २०१७ मध्ये, बाकी सगळे निवृत्तीचं वय वाढवत असताना, ते बायकांसाठी ६० आणि पुरुषांसाठी ६५ वर परत आणलं. रुमानियात वेगळंच झालं. संघात आल्यावर डॉक्टर आणि नर्स जर्मनीत, फ्रान्समध्ये निघून जाऊ लागले, रुग्णालयांत माणसं उरेनात, आणि २०१८ मध्ये सरकारला सरकारी डॉक्टरांचे पगार एका फटक्यात दुपटीच्या घरात न्यावे लागले. खर्च वाढला, तक्त्यात रुमानिया वर सरकला. पण जो रुग्ण त्याआधीची दहा वर्षं रांगेत उभा होता, त्याला हे साम्य कुणी आणि कशाच्या मोबदल्यात मिळवून दिलं? देश रिकामा होत गेला तेव्हा. याला मी एकत्र येण्याचं फळ म्हणायला तयार नाही.

तर मग करायचं काय? सगळीकडे एकच पेन्शन, एकच भत्ता? नाही, आणि इथे विरोधकांचं म्हणणं मला मनापासून पटतं. २०२४ च्या सुरुवातीला लक्झेंबर्गचं किमान वेतन अडीच हजार युरोंच्या वर होतं आणि बल्गेरियाचं ४७७ युरो. एकच आकडा लादला तर बल्गेरियातले कारखाने बंद पडतील. डेन्मार्क आणि स्वीडनची तक्रार वेगळी आहे. त्यांच्याकडे किमान वेतनाचा कायदाच नाही. तिथे संघटना आणि मालक टेबलावर बसून दर ठरवतात आणि ते बहुतेक कामगारांना लागू होतात. २०२२ मध्ये किमान वेतनाचा युरोपीय निर्देश आला तेव्हा या दोघांनी विरोधात मत दिलं. शंभर वर्षांत घडवलेली चांगली व्यवस्था बाहेरून आलेल्या नियमानं बिघडू नये, ही त्यांची काळजी खोटी नाही.

पण त्याच निर्देशात उत्तरही आहे. तो रक्कम ठरवत नाही. तो म्हणतो, किमान वेतन पुरेसं आहे का हे पाहताना तुमच्याच देशातल्या मध्यम वेतनाचे ६० टक्के हे माप धरा, आणि सामूहिक करारांखाली ८० टक्क्यांहून कमी कामगार असतील तर ते वाढवण्याचा आराखडा द्या. बल्गेरियाला लक्झेंबर्ग व्हायला कुणी सांगत नाही. बल्गेरियातल्या सर्वांत खालच्या कामगाराला बल्गेरियातल्याच मधल्या कामगारापासून फार दूर पडू देऊ नका, एवढंच सांगितलं जातं. मला हवं आहे ते हेच, फक्त वेतनापुरतं न थांबणारं आणि सल्ल्यापेक्षा जास्त ताकदीचं. बेकारी भत्ता किमान किती महिने, किमान उत्पन्नाची हमी आपल्या देशातल्या मध्यम उत्पन्नाच्या किती टक्के, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराचा हक्क. छपराची उंची ज्यानं त्यानं ठरवावी, जोत्याची मात्र सगळ्यांनी मिळून. २०१७ मध्ये गोथेनबर्गला युरोपीय नेत्यांनी सामाजिक हक्कांची वीस तत्त्वं जाहीर केली. सुंदर आहेत. पण ती ११७ व्या कलमाच्या जातीची आहेत, इच्छेच्या जातीची. ११९ व्या कलमाच्या जातीची एकही त्यात नाही.

पैसा कुठून येणार, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर २०२० नं दिलं. कोविडमध्ये सगळ्या देशांनी जर्मनीची जुनी युक्ती उचलली: कामगाराला काढू नका, तास कमी करा, बुडालेल्या पगाराचा मोठा भाग सरकार देईल. ज्यांना हे परवडत नव्हतं त्यांच्यासाठी संघानं एकत्र कर्ज काढून १०० अब्ज युरोंपर्यंतची योजना उभी केली. १९ देशांनी मिळून त्यातले ९८ अब्जांहून जास्त घेतले. ज्या इटलीला आणि ग्रीसला दहा वर्षांपूर्वी कात्री दिली गेली, त्यांना या वेळी कामगार टिकवायला पैसा मिळाला. जे अशक्य म्हणून सांगितलं जात होतं ते काही आठवड्यांत झालं. ती योजना २०२२ च्या अखेरीस संपली. ती का संपावी, कायम का नसावी, यावर युरोपात पुरेशी चर्चाही झाली नाही याचं मला वाईट वाटतं. चलन एक असेल तर मंदीत पडणाऱ्याला झेलणारं जाळंही निदान थोडं सामाईक हवं.

हा विषय आपल्यापासून दूरचा वाटत असेल तर गोव्याकडे पाहा. डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या आणि त्यांच्या मुलानातवंडांच्या नावे पोर्तुगीज नागरिकत्वाची नोंद करता येते, म्हणून कित्येक गोंयकारांनी लिस्बनमध्ये जन्मनोंद करून पोर्तुगीज पासपोर्ट घेतला आणि इंग्लंडमध्ये स्विंडनसारख्या शहरांत संसार थाटले. पोर्तुगालमध्ये एक दिवसही न राहिलेला माणूस स्विंडनच्या गोदामात कामाला लागला की युरोपीय नागरिक म्हणून मुलांच्या भत्त्याला पात्र होत होता. तो हक्क पोर्तुगालच्या किंवा ब्रिटनच्या मेहेरबानीनं मिळालेला नव्हता, एका सामाईक कायद्यानं मिळालेला होता. ब्रिटन बाहेर पडल्यावर त्याच माणसांना आपण इथे राहतो हे पुन्हा अर्ज करून सिद्ध करावं लागलं. कायदा असतो तेव्हा तो भिंतीतल्या पाइपासारखा दिसत नाही. निघून गेला की कळतो.

युरोपात हा पाइप सगळ्यांत आधी टाकला गेला, १९५८ मध्ये. स्थलांतरित कामगारांच्या सामाजिक सुरक्षेचा नियम हा त्या वेळच्या आर्थिक समुदायाचा तिसराच नियम होता. पुढे १९७१ मध्ये आणि २००४ मध्ये तो नव्यानं लिहिला गेला. त्याचं म्हणणं साधं आहे: प्रत्येक देशाची योजना वेगळी राहू दे, पण माणूस एका देशातून दुसऱ्यात गेला म्हणून त्याची वर्षं वाया जाऊ नयेत, आणि जिथे तो वर्गणी भरतो तिथल्या माणसाइतकाच त्याला हक्क असावा. खर्चाची टक्केवारी या नियमानं कुठेही सारखी केली नाही. माणसांना मात्र सारखं केलं.

याच नियमावर बोट ठेवून १६ जून २०२२ रोजी युरोपच्या न्यायालयानं ऑस्ट्रियाचा तो बदल रद्द केला. ऑस्ट्रियाच्या आत एका प्रांतापेक्षा दुसऱ्यात स्वस्ताई असली तरी भत्ता बदलत नाही, मग सीमेपलीकडच्या मुलासाठी का बदलावा? आणि ही माणसं वर्गणी तर इथल्यांइतकीच भरतात. ऑस्ट्रियाला साडेतीन वर्षांचा फरक परत द्यावा लागला.

तोवर आम्ही व्हिएन्ना सोडलं होतं आणि आजीही गेल्या होत्या. पत्र दाखवणाऱ्या त्या बाईंशी अधूनमधून फोनवर बोलणं होतं. फरकाची रक्कम जमा झाली तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलाचं अठरावं वर्ष सरलं होतं. आता त्या आल्प्सच्या बाजूला दुसऱ्या एका म्हाताऱ्या जोडप्याकडे दोन-दोन आठवडे जातात, प्रवास आधीपेक्षा लांबचा झालाय. गेल्या वेळी त्या सांगत होत्या की पेन्शनचा हिशेब मागवलाय. स्लोव्हाकियातली अकरा वर्षं आणि ऑस्ट्रियातली चौदा, दोन्ही एकत्र धरली जातील आणि दोन्ही देश आपापल्या वाट्याचं देतील. त्यांनी तो कागद घडी करून बॅगेच्या आतल्या कप्प्यात, पासपोर्टजवळ ठेवलाय.